मोबाईल कंपनीकडे तक्रार कशी करावी आणि ती शेवटापर्यंत कशी न्यावी : कोल्हापुरात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

शिवाजी विद्यापीठात शिकायला आलेले विद्यार्थी, गोकुळ शिरगाव, शिरोली आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीला लागलेले तरुण, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर काम करणारे परप्रांतीय कामगार आणि साखर कारखान्यांच्या हंगामात येणारी ऊसतोड कुटुंबे यांना कोल्हापूर जिल्ह्यात पाऊल ठेवल्यावर पहिल्या आठवड्यातच मोबाईलच्या दुकानात जावे लागते. कोणाला नवे सिमकार्ड हवे असते, कोणाचा जुना क्रमांक खोलीवर रेंज देत नाही, कोणाचे पैसे न मागितलेल्या सेवेपोटी कापले गेलेले असतात. अशा वेळी बहुतेक जण दुकानदाराशी बोलतात, कस्टमर केअरला एक-दोन फोन करतात आणि कंटाळून विषय सोडून देतात. मोबाईल कंपन्या ग्राहकाला जशी वागणूक देतात तिचे एक मोठे कारण या सोडून देण्यातच आहे, असे माझे मत आहे. ग्राहकासाठी नियम आहेत, मुदती आहेत आणि दाद मागण्याची ठरलेली वाटही आहे. परंतु तोंडी बोलण्याची नोंद कोठेही राहत नाही आणि नोंद नसलेल्या तक्रारीची मुदत कधी सुरूच होत नाही. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर लेखी पुरावा मिळवणे हे पहिले काम समजावे.

सिमकार्ड घेण्यापूर्वी

कोणत्या कंपनीचे सिम घ्यावे याचा निर्णय दुकानात बसून घेऊ नये. शहरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत जी सेवा उत्तम चालते, तीच गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी किंवा चंदगड या डोंगराळ तालुक्यांत एखाद्या वळणानंतर पूर्ण बंद पडू शकते. आपण जेथे झोपतो आणि जेथे काम करतो त्या दोन्ही ठिकाणी कोणाची रेंज मिळते हे शेजाऱ्यांना आणि सहकाऱ्यांना विचारावे. प्रत्येक कंपनीने आपल्या सेवेचा तंत्रज्ञाननिहाय नकाशा, म्हणजे टू-जी, फोर-जी, फाइव्ह-जी कोठे उपलब्ध आहे हे, संकेतस्थळावर दाखवले पाहिजे असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत सांगितले आहे. त्या नकाशावर आपल्या गल्लीचा किंवा गावाचा भाग पाहून त्याचे छायाचित्र मोबाईलमध्ये जपून ठेवावे. पुढे रेंजविषयी तक्रार करताना कंपनीचाच दावा तिच्यासमोर ठेवता येतो.

आता कागदपत्रांविषयी. १ जानेवारी २०२४ पासून कागदी अर्जाची पद्धत बंद झाली असून ग्राहकाची ओळखपडताळणी डिजिटल पद्धतीने होते. आधार चालते, परंतु आधारच दिले पाहिजे अशी सक्ती नाही. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्टही चालतो. बोटाचा ठसा देण्याच्या वेळी मात्र पूर्ण सावध राहावे. ‘ठसा उमटला नाही, परत एकदा ठेवा’ असे दुकानदाराने सांगितले तर यंत्राच्या पडद्यावर काय दिसते आहे हे स्वतः पाहावे, कारण दुसऱ्या ठशावर आपल्याच नावाने आणखी एक सिम सुरू करून ते भलत्याच्या हाती देण्याचे प्रकार देशभर घडले आहेत. सर्वच दुकानदार असे करतात असे मुळीच नाही. बहुसंख्य दुकानदार प्रामाणिकपणे व्यवसाय करतात. तरीही सिम सुरू झाल्यावर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर आपल्या नावावर किती क्रमांक चालू आहेत ते पाहावे. ओळखीचा नसलेला क्रमांक दिसला तर तो आपला नसल्याचे तेथेच नोंदवता येते. महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त ९ क्रमांक असू शकतात आणि ही मर्यादा ओलांडल्यास दूरसंचार अधिनियम, २०२३ प्रमाणे पहिल्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गावाकडच्या मित्राला किंवा कामावरच्या सोबत्याला आपल्या नावावर सिम काढून देण्याची सवय म्हणूनच धोक्याची आहे. त्या क्रमांकावरून काही गैर घडले तर पोलीस प्रथम आपल्या दारात येतात.

प्लॅन निवडताना

आपल्या देशात मोबाईलचे दर ट्राय ठरवत नाही. ते कंपन्या ठरवतात आणि ट्रायला कळवतात. त्यामुळे ‘दर फार वाढवले’ ही तक्रार कोणत्याही कार्यालयात टिकत नाही. मात्र घेतलेल्या प्लॅनमधील अटी कंपनीने मध्येच ग्राहकाच्या तोट्याच्या केल्या, तर ती तक्रार टिकते, कारण एकदा घेतलेल्या दर-योजनेत सहा महिन्यांपर्यंत असा बदल करता येत नाही.

२८ दिवसांच्या प्लॅनचा हिशेब नव्या माणसाने एकदा मांडून पाहावा. महिन्याला एक रिचार्ज असे आपण धरून चालतो, परंतु वर्षाला बाराऐवजी तेरा वेळा पैसे भरावे लागतात. याच कारणाने ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढून प्रत्येक कंपनीने किमान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक प्लॅन दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा ठेवला पाहिजे असे बंधन घातले. दुकानात हे प्लॅन सहसा आपण होऊन कोणी दाखवत नाही. नाव घेऊन विचारावे लागतात. तसेच डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीनुसार केवळ बोलणे आणि एसएमएस यांसाठीचे, इंटरनेट नसलेले व्हाउचर देणे कंपन्यांना बंधनकारक झाले आणि विशेष व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढली. घरातील वृद्ध व्यक्ती साधा फोन वापरत असेल तर तिच्यासाठी हे व्हाउचर आग्रहाने मागावे. ज्या इंटरनेटला ती कधी हात लावणार नाही, त्याचे पैसे दरमहा तिच्या पेन्शनमधून जाणे मला अन्यायाचे वाटते.

हंगामापुरते येणाऱ्यांसाठी एक सूचना. प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस अजिबात वापरला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्याला देऊ शकते. खात्यात २० रुपये किंवा त्याहून अधिक शिल्लक असेल तर २० रुपये कापून क्रमांक आणखी ३० दिवस राखला जातो. बँक खाते, रेशनकार्ड आणि आधार ज्या क्रमांकाला जोडले आहे तो असा हातून जाणे म्हणजे पुढे कित्येक महिन्यांची पायपीट. म्हणून गावाकडचा आणि इकडचा असे दोन क्रमांक असणाऱ्यांनी दोन्हींवर अधूनमधून एखादा फोन करावा.

जुना क्रमांक ठेवून कंपनी बदलणे

क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे आणि एका राज्याच्या परिमंडळातून, म्हणजे मोबाईल सेवेसाठी आखलेल्या विभागातून, दुसऱ्यात जातानाही क्रमांक कायम ठेवण्याची मुभा जुलै २०१५ पासून आहे. निपाणी, बेळगाव, चिकोडी भागातून कोल्हापुरात येणाऱ्यांना तिचा विशेष उपयोग होतो, कारण त्यांचे क्रमांक कर्नाटक परिमंडळातील असतात आणि कोल्हापूर महाराष्ट्र व गोवा परिमंडळात मोडते.

पद्धत सोपी आहे. एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’ हा शब्द, मग एक जागा सोडून आपला दहा अंकी क्रमांक लिहून तो १९०० या क्रमांकावर पाठवावा. उत्तरात आठ अक्षरी युनिक पोर्टिंग कोड येतो आणि तो महाराष्ट्रात ४ दिवस चालतो. तो कोड व ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. परिमंडळ तेच असेल तर कामकाजाच्या ३ दिवसांत आणि परिमंडळ बदलत असेल तर ५ दिवसांत क्रमांक नव्या कंपनीकडे जातो.

कोड मिळत नसेल तर कारणे मोजकीच असतात: सध्याच्या कंपनीकडे येऊन ९० दिवस झालेले नसणे, पोस्टपेडचे बिल थकलेले असणे, क्रमांक कार्यालयाच्या नावावर असणे किंवा गेल्या ७ दिवसांत सिमकार्ड बदलून घेतलेले असणे. शेवटचा नियम १ जुलै २०२४ पासून फसवणूक रोखण्यासाठी आला आहे. ‘तुमच्या प्लॅनमध्ये एसएमएस नाही, म्हणून आधी मोठा रिचार्ज करा’ हे उत्तर मात्र स्वीकारू नये. १९०० वर एसएमएस पाठवण्याची सोय प्रत्येक ग्राहकाला, त्याचा प्लॅन कोणताही असो, मिळालीच पाहिजे असा आदेश ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये दिला आहे.

जुन्या कंपनीकडील प्रीपेड शिल्लक नव्या कंपनीकडे जात नाही. म्हणून प्लॅन संपत येतो त्या आठवड्यात पोर्टिंग करावे. कोड मागितल्यावर जुन्या कंपनीकडून सवलतींचे फोन सुरू होतात. जी सवलत लेखी संदेशाने येत नाही तिच्यावर भरवसा ठेवून निर्णय बदलू नये.

पैसे कापले गेले तर

गाणी, क्रिकेटचे निकाल, राशिभविष्य अशा मूल्यवर्धित सेवा ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय सुरू करता येत नाहीत. ट्रायने २०१३ मध्ये त्यासाठी दोनदा संमती घेण्याची पद्धत घालून दिली आणि सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा सर्व कंपन्यांसाठी एकच क्रमांक ठरवला. पैसे कापल्याचा संदेश आला की तो पुसू नये. आधी त्याचे छायाचित्र घ्यावे, मग सेवा बंद करावी आणि नंतर पैसे परत मिळावेत म्हणून तक्रार नोंदवावी. केवळ सेवा बंद करून थांबल्यास गेलेले पैसे आपोआप परत येत नाहीत.

पैसे कोठे गेले हेच कळत नसेल, तर प्रीपेड ग्राहकालाही गेल्या सहा महिन्यांपर्यंतच्या वापराचा तपशीलवार हिशेब मागता येतो. कंपनीने तो ३० दिवसांत द्यायचा असतो आणि त्यासाठी ५० रुपयांपेक्षा अधिक आकार घेता येत नाही. पुढे अपील करायचे झाले तर यासारखा भक्कम कागद दुसरा नाही.

तक्रारीची पहिली पायरी

कस्टमर केअरचा क्रमांक इंटरनेटवर शोधून लावू नये. शोधात वर दिसणाऱ्या क्रमांकांत फसवणूक करणाऱ्यांनी पेरलेले बनावट क्रमांकही असतात. आपल्याच सिमवरून १९८ लावावा किंवा कंपनीच्या अधिकृत अ‍ॅपमधून तक्रार करावी. यंत्राच्या आवाजात पहिला पर्याय भाषेचा, दुसरा विषयाचा आणि तिसऱ्या टप्प्यावर माणसाशी बोलण्याचा असला पाहिजे, असे ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांत म्हटले आहे. मराठीचा पर्याय निवडून नि:संकोच मराठीत बोलावे.

बोलताना गोष्ट थोडक्यात आणि तारखांसह सांगावी. त्यानंतर ‘माझी तक्रार नोंदवून घ्या आणि तक्रार क्रमांक एसएमएसने पाठवा’ हे वाक्य उच्चारल्याशिवाय फोन ठेवू नये. प्रतिनिधी पुष्कळदा ‘साहेब, चोवीस तासांत होऊन जाईल’ एवढे सांगून गोडीत बोलणे संपवतात. तो प्रतिनिधी वाईट माणूस नसतो. परंतु त्याच्या आश्वासनाला क्रमांक नसेल तर उद्या दुसरा प्रतिनिधी सगळे पहिल्यापासून विचारतो. तक्रार क्रमांकाच्या एसएमएसमध्ये नोंदीची तारीख, वेळ आणि निवारणाची मुदत असते. तो संदेश कागदावर उतरवून ठेवावा, कारण ज्या फोनमध्ये तो आहे तो फोनच उद्या बिघडू शकतो.

रेंजच्या तक्रारीत ‘नेटवर्क नीट नाही’ एवढेच सांगितले तर कंपनी तपासून ‘त्या भागात सेवा सुरळीत आहे’ असे कळवते आणि तक्रार बंद करते. त्याऐवजी ठिकाण, इमारतीचा मजला, वेळ आणि सलग चार-पाच दिवसांच्या नोंदी द्याव्यात. कागलच्या पुढे सीमेलगत राहणाऱ्यांनी फोनने कोणत्या परिमंडळाचा टॉवर पकडला आहे याचीही नोंद ठेवावी. बोलता बोलता फोन तुटल्याबद्दल दर वेळी १ रुपया भरपाई देण्याचा नियम ट्रायने २०१५ मध्ये केला होता, परंतु सर्वोच्च न्यायालयाने तो ११ मे २०१६ रोजी रद्द केला; त्यामुळे त्या रुपयाची मागणी आज करता येत नाही.

संपूर्ण जिल्ह्यातील सेवा २४ तासांहून अधिक काळ बंद पडली तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ द्यावी, अशी तरतूद २०२४ च्या नियमांत आहे. मात्र नैसर्गिक आपत्तीमुळे सेवा बंद पडली असेल तर ती लागू होत नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने ज्यांना वेढले त्यांना फोन बंद पडणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. तरीही तशा दिवसांची भरपाई या नियमातून मिळणार नाही हे आधीच ठाऊक असलेले बरे. पावसाळ्यात घरात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असणे हा त्यावरचा माझ्या मते सर्वांत चांगला उपाय आहे.

जाहिरातींच्या नकोशा फोनसाठी १९०९ वर नोंदणी करावी. नोंदणीनंतरही फोन आले तर ७ दिवसांच्या आत त्याच क्रमांकावर किंवा ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपवर तक्रार करता येते.

दुसरी पायरी : अपील

मुदत संपली आणि तक्रार सुटली नाही, किंवा न सोडवताच ‘निवारण झाले’ असा संदेश आला, तर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. ही पायरी बहुतेकांना ठाऊकच नसते आणि कस्टमर केअरमधून ती आपण होऊन सांगितलीही जात नाही. प्रत्येक कंपनीने प्रत्येक परिमंडळासाठी असा प्राधिकारी नेमलेला असतो आणि त्याचा ईमेल व पत्ता कंपनीच्या तसेच ट्रायच्या संकेतस्थळावर मिळतो. ज्यांचा क्रमांक अजून कर्नाटकातला आहे त्यांनी कर्नाटक परिमंडळाच्या प्राधिकाऱ्याला लिहावे. महाराष्ट्राच्या प्राधिकाऱ्याकडे पाठवलेले अपील वाया जाते आणि मुदतीचे दिवस मात्र निघून जातात. अपील तक्रारीची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत करावे लागते, त्याला शुल्क नाही, आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हायला हवा.

अपिलात राग व्यक्त करण्याने काही साधत नाही. मजकूर साधारण असा असावा:

‘माझ्या प्रीपेड क्रमांकावरून अमुक तारखेला माझ्या संमतीशिवाय सुरू केलेल्या सेवेपोटी इतके रुपये कापले गेले. मी अमुक तारखेला तक्रार नोंदवली असून तिचा क्रमांक अमुक आहे. दिलेली मुदत अमुक तारखेला संपली, तरी रक्कम परत मिळालेली नाही. माझी संमती घेतल्याचा पुरावा मला दाखवावा अथवा संपूर्ण रक्कम परत करावी, आणि आपला निर्णय कारणांसह लेखी कळवावा. सोबत पैसे कापल्याच्या संदेशाचे छायाचित्र आणि वापराचा तपशील जोडला आहे.’

संमतीचा पुरावा मागणारे वाक्य यात सर्वांत महत्त्वाचे आहे. ते लिहिल्यावर सेवा संमतीने सुरू झाली हे दाखवण्याचा भार कंपनीवर जातो, आणि तसा पुरावा नसेल तर रक्कम परत करण्यावाचून तिला फारसा मार्ग उरत नाही.

पुष्कळ जण या टप्प्यावर थेट ट्रायला पत्र लिहितात. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. ती पत्रे संबंधित कंपनीकडे पाठवली जातात. अपिलानंतरही समाधान झाले नाही तर दूरसंचार विभागाच्या तक्रार कक्षाकडे केंद्र सरकारच्या लोकतक्रार संकेतस्थळावरून दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही उपयोगी आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

फोन हरवला किंवा सिम अचानक बंद पडले तर

येथे क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम कंपनीला कळवून सिम बंद करावे, मग जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देऊन तिची प्रत घ्यावी, त्यानंतर त्याच क्रमांकाचे दुसरे सिम घ्यावे आणि मग ‘संचार साथी’वर फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, देऊन तो फोन देशभरासाठी बंद करावा. आयएमईआय फोनच्या खोक्यावर आणि बिलावर असतो. फोन हातात असतानाच तारांकन, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून तो पाहावा आणि वहीत लिहून ठेवावा. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. ही सुरक्षेची तरतूद आहे, बिघाड नाही.

फोन हातात असताना सिमची सेवा विनाकारण पूर्ण बंद पडली, तर कोणी आपल्या नावाने दुसरे सिम काढले असण्याची शक्यता धरावी, ताबडतोब दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला कळवावे, आणि पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद करावी.

शेवटची पायरी : ग्राहक आयोग

‘मोबाईलची तक्रार ग्राहक न्यायालयात चालत नाही’ असे आजही कोणी कोणी सांगतात. त्याला एक इतिहास आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका दूरध्वनी ग्राहकाच्या प्रकरणात १८८५ च्या तार अधिनियमाकडे बोट दाखवून असे वाद लवादाकडे न्यावेत असा निकाल दिला होता आणि त्यानंतर अनेक ग्राहक मंचांनी मोबाईलच्या तक्रारी दारातूनच परत पाठवल्या. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दूरसंचार सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते आणि ग्राहकाला आयोगाकडे जाता येते. अहमदाबादच्या एका साध्या पोस्टपेड ग्राहकाचे ते प्रकरण होते. तो चिकाटीने लढला म्हणून हा दरवाजा आपल्या सर्वांसाठी निःसंशय उघडा झाला, याबद्दल मला त्याच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे कंपनीचे कार्यालय मुंबईत किंवा दिल्लीत असले आणि सिम दुसऱ्या राज्यात घेतलेले असले, तरी येथे राहणारा विद्यार्थी किंवा कामगार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाऊ शकतो. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि मोबाईलच्या बाबतीत तो त्याहून कितीतरी कमी असतो. वकील लावण्याची सक्ती नाही. घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. ती ऑनलाइनही दाखल करता येते आणि त्यासाठी आता ‘ई-जागृती’ हे संकेतस्थळ आहे.

तक्रारीसोबत कागद पुढील क्रमाने लावावेत: रिचार्जची किंवा बिलाची पावती, पैसे कापल्याचा अथवा सेवा बंद पडल्याचा पुरावा, तक्रार क्रमांकाचा संदेश, अपिलाची प्रत, त्यावर आलेले उत्तर, आणि उत्तर आले नसेल तर तसे स्पष्ट लिहिलेले निवेदन. मागणी करताना गेलेली रक्कम, झालेला त्रास आणि तक्रारीचा खर्च अशा तीन बाबी स्वतंत्र लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे आकडा टाकावा. त्रासाचा आकडा फुगवून लिहू नये. परीक्षेच्या अर्जाची मुदत हुकली, पगार जमा झाल्याचा संदेश आला नाही, दवाखान्यातून आलेला फोन लागला नाही, असे जे प्रत्यक्ष घडले असेल ते तारखेसह लिहावे.